पाच किलोला शंभर कमी

अक्काचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी रोपवाटिकेत गाडी भरून देत होते. वारूळवाडीला आमची टोमॅटोच्या रोपांची रोपवाटिका आहे. सकाळची वेळ धांदलीची असते, म्हणून मी फोन खांद्याशी दाबून धरून बोलत होते. "ह्ये गेले गं," अक्का म्हणाली. "चहा दिला व्हता हातात. घेतलाच न्हाई." ती रडत नव्हती. मी "निघते" म्हणाले, गिऱ्हाइकाचे राहिलेले बारा ट्रे गाडीत चढवून दिले आणि मग पिंपरी पेंढारची वाट धरली. नंतर हे एका नातेवाइकांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. पण ज्यांच्यासाठी मी निघाले होते त्यांना ते पटलं असतं. अर्धी भरलेली गाडी टाकून उठणाऱ्याला दाजींनी आयुष्यात कधी चांगलं म्हटलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, खंडूभाऊ. ओतूरच्या कांदा बाजारात त्यांनी तीस वर्षं मापाडी म्हणून काम केलं. शेतकऱ्याची गोणी काट्यावर ठेवायची, वजन मोठ्यानं पुकारायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं, हे मापाड्याचं काम. एका बाजूला शेतकरी उभा, दुसऱ्या बाजूला व्यापारी, आणि दोघांचाही डोळा याच्या तोंडाकडे. दाजी गोणी काट्यावर जाण्याआधी तिचा एक कान डाव्या हातानं जरासा उचलून बघायचे आणि आकडा मनाशी धरायचे. काटा वेगळं काही बोलला तर आधी काटा तपासायचे, मग गोणी. कांद्यात पाला, माती दिसली की गोणी झटकून घ्यायला लावायचे. माल ओला असला तर दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणायचे, "ओला माल हाय राव. आज भरंल, परवा उतरंल." यावर शेतकरीही नाराज, व्यापारीही नाराज. पण दोघंही दुसऱ्या दिवशी त्यांच्याच काट्यावर यायचे.

अक्काच्या लग्नात मी शाळेत होते. डिंगोऱ्याला आमच्या माहेरच्या दारात, हळदीच्या अंगानं, या नव्या नवऱ्यानं मला विचारलं, "काय मेव्हणीबाई, तुमचं वजन सांगू का?" मी म्हणाले, "सांगा की. मग मी तुमचं खरं वय सांगते सगळ्यांना." मांडवात हशा झाला. तेव्हापासून आमचं जमलं. पुढं माझ्या लग्नात, माझ्या सासऱ्यांशी झालेल्या भांडणात, रोपवाटिकेचं शेड वाऱ्यानं उडालं तेव्हा, प्रत्येक वेळी हा माणूस न बोलावता आला आणि बोलण्याआधी काहीतरी उचलू लागला. बांबू, पत्रे, ट्रे... जे असेल ते. सांत्वन करणं त्यांना जमायचं नाही.

घराण्यात मूल जन्मलं की ते आधी दाजींच्या हातात जायचं. तशी पद्धतच पडली होती. डाव्या तळहातावर बाळ, उजवा हात मानेखाली, दोनदा अलगद वर-खाली, आणि मग आकडा. त्यानंतरच पाळण्यात घालायचं. माझ्या मुलाच्या वेळी त्यांनी सांगितलेला आकडा दवाखान्याच्या कार्डापेक्षा कमी निघाला. मी म्हणाले, "दाजी, या वेळी चुकलात." ते म्हणाले, "कार्ड चुकलंय. दुपट्याचं वजन धरलंय त्यांनी." मी नर्सबाईंना विचारलं. बाळ दुपट्यासकट काट्यावर ठेवलं होतं.

अशा माणसाच्या गळ्याखाली घास उतरेनासा झाला तेव्हा त्यांनी आम्हाला पत्ता लागू दिला नाही. मला शंका आली ती आमच्याकडच्या जेवणात. मी मासवडी केली होती. दाजी आणि मासवडी म्हटल्यावर मी वेगळा डबाच भरून ठेवत असे. त्या दिवशी त्यांनी रस्सा ओरपला, भाकरी रश्श्यात कुस्करून पार लापशी केली, आणि मासवड्या हळूच माझ्या मुलाच्या ताटात सारल्या. मी अक्काला स्वयंपाकघरात गाठलं. "किती दिवस झाले असं खातायत?" अक्का म्हणाली, "दिवाळीपास्नं. मला म्हंत्यात, दात दुखतोय." मी बाहेर येऊन म्हणाले, "दाजी, दात दाखवा." त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचं विचारावं लागलं नाही. त्याच आठवड्यात मंचरला दुर्बिणीतून तपासणी केली. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी केमो आणि किरणांचा शेक, मग थोडी उसंत आणि मग ऑपरेशन. त्यांची मुलगी वर्षा तेव्हा पहिल्यांदाच गरोदर होती, चौथा महिना. दाजींनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "नातवंड उचलायला मिळंल का?" डॉक्टर म्हणाल्या, "त्यासाठीच करायचंय हे सगळं."

इथं आमची चूक झाली, आणि ती लिहायलाच हवी, कारण अशी चूक आमच्यासारख्या घरांत सर्रास होते. आम्ही त्यांना बसवून ठेवलं. कॅन्सर म्हटल्यावर सगळ्यांनी त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. गाईची धार अक्कानं घेतली, दळण शेजाऱ्यानं, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आयता. ते उठले की चार जण ओरडायचे, "बसा, बसा!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा. मी एक वही केली होती, खाणं, औषधं आणि दर आठवड्याचं वजन लिहायला. सुरुवातीला वजन घसरलं, मग थांबलं, आणि शेक संपल्यावर चक्क दीड किलोनं वाढलं. मला कोण आनंद! मी चार ठिकाणी फोन केले. दाजी खाटेवर बसून ऐकत होते. फोन झाल्यावर म्हणाले, "इकडं ये." त्यांनी धोतर वर करून नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. "बघ," ते म्हणाले, "ओला माल हाय. आज भरलाय."

मला ते पटलं नाही. काटा मी स्वतः वाचला होता.

ऑपरेशनआधीच्या भेटीत डॉक्टरांनी माझी वही पाहिली, चांगली ठेवलीय म्हणाल्या आणि बाजूला ठेवली. त्यांनी दाजींच्या हातात एक दांडा दिला, जोरात आवळायला सांगितला. त्यावर मुठीची ताकद मोजता येते. मग म्हणाल्या, "आता हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठा." क्विंटलच्या गोण्यांचे कान उचललेला माणूस... अर्धा उठला आणि परत बसला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बसला. मी खिडकीकडे पाहत राहिले. डॉक्टरांनी स्कॅनचं चित्र दाखवलं. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू किती बारीक झालेत ते दाखवलं. म्हणाल्या, "वजन पाण्यानं वाढलंय. आतला स्नायू गेलाय. छाती आणि पोट दोन्हीकडून ऑपरेशन आहे. नंतर यांना खोकावं लागेल, चालावं लागेल. ताकद नसेल तर कफ छातीत साठतो, जोड भरून यायला वेळ लागतो. काही आठवडे आहेत हातात. यांना झोपू देऊ नका." बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "बाई मापाडी व्हायला पायजे व्हती." माझ्या वहीबद्दल मात्र एक शब्द बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मग मी वही फाडली नाही, पण वजनाचा रकाना बंद केला. अंडी, दूध, डाळी, दही, डॉक्टरांनी दिलेली पावडर. घास उतरत होता तोवर दिवसातून सहा वेळा. अक्का भरवायला कंटाळली नाही, ते खायला कंटाळले. चालणं आधी गोठ्यापर्यंत, मग रस्त्यापर्यंत, मग शाळेपर्यंत. फुंकर मारायचं तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र होतं, ते बघून ते म्हणाले, "नातवंडाचं खेळणं मला दिलंय आधी." आणि उचलण्यासाठी मी मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या, त्यांत बाजरी भरली. अर्ध्या किलोपासून सुरुवात. पहिली पिशवी त्यांनी डाव्या हातात धरली आणि म्हणाले, "मेव्हणीबाई, धा गरम कमी भरलीय तुमी." मी काट्यावर ठेवली. दहा ग्रॅम कमी होती. पाचव्या आठवड्यात ते हात न लावता खुर्चीतून उठले. अक्कानं नारळ फोडला. मी म्हणाले, नारळ राहू दे. दाजी, पुन्हा उठून दाखवा. ते पुन्हा उठले.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दिवस मावळताना संपलं. अन्ननलिका काढली, जठर नळीसारखं वर ओढून मानेशी जोडलं. पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी ताप आला आणि मानेच्या जखमेतून लाळ यायला लागली. जोड गळत होता. पाठोपाठ छातीत कफ, न्यूमोनिया, आणि ते पुन्हा आयसीयूत, श्वासाच्या मशीनवर. त्याच दिवसांत वर्षा पिंपरी पेंढारला बाळंतीण झाली. मुलगी झाली. अक्का तिच्यापाशी, मी दवाखान्यात. काचेतून दाजींचे हात दिसायचे, चादरीवर ठेवलेले. ते हात मला ओळखू येत नव्हते. मनगटाची हाडं तेवढी त्यांची होती.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "आम्ही दोन महिने त्यांना बसवून ठेवलं, त्यानं झालं का हे?" त्यांनी उत्तर टाळलं नाही. "ताकद कमी असली की धोका वाढतो, हे खरं. पण यांचा जोड त्याच्यामुळंच गळला असं मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. धडधाकट माणसांचेही गळतात. नंतर जे कमावलं ते मात्र आत्ता उपयोगी पडतंय." आठवड्यानं मशीन निघालं. मी आत गेले तर त्यांनी ओठ हलवले. आवाज जवळजवळ गेलाच होता, नुसती हवा. मी कान जवळ नेला. "किती भरली?" मी म्हणाले, "पावणेतीन. गावच्या आशाताईंनी केलंय वजन." त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, नाही म्हणून. "मी... केल्याबिगर... न्हाई."

आणि म्हणून बारसं थांबलं. अक्कानं सांगून टाकलं की ह्यांनी उचलल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. सव्वा महिना झाला, दोन महिने झाले, लोक विचारायला लागले. दाजी घरी आले तेव्हा पोटावरून आतड्यात नळी होती, तिच्यातून पातळ अन्न द्यायचं. आधी कमावलेलं सगळं पुन्हा गेलं होतं. दंडाला हाताचा विळखा घातला तर माझं बोट बोटाला लागायचं. तरी दुसऱ्याच दिवशी पिशव्या मागितल्या. यावेळी अंगणातल्या बाकावर, कोंबड्यांच्या गराड्यात, अर्ध्या किलोपासून परत. गंमत अशी की या खेपेला समोरचा गडी थांबून राहणारा नव्हता. दाजी किलोवर आले तोवर पोरगी चारवर गेली. आशाताई वजन करून गेल्या की ते मला आकडा विचारायचे आणि त्या घोगऱ्या हवेतून म्हणायचे, "ही काय थांबायचं नाव घेत न्हाई. आईचं दूध लई जोरात चाललंय. जरा कमी पाजा म्हणावं." वर्षा आतून ओरडायची, "आप्पा, तुमी जास्त खावा, तिला काय बोलता!" घरात कितीतरी दिवसांनी आवाज चढले होते. बरं वाटायचं.

मी दर गुरुवारी जायची आणि पोरीच्या वजनाकडं बघून मोठ्या पिशवीत बाजरी वाढवून द्यायची. दोन, अडीच, साडेतीन. शेवटी पाच. पाच किलोची पिशवी त्यांनी माझ्यासमोर, दोन्ही हातांनी, छातीपर्यंत उचलली. थरथर होती, पण उचलली. मी म्हणाले, "झालं. आता बारसं घ्या." अक्का चुलीपाशी होती. तिनं वळून बघितलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

बारशाला माणसं मोजकीच बोलावली. दाजींनी टोपी घातली, नवा सदरा घातला. तो अंगावर खांबावर टांगल्यासारखा दिसत होता. वर्षानं पोरगी आणली. सगळे बाजूला झाले, मध्ये जागा केली, माझा मुलगा मोबाइल धरून उभा. दाजी उभे होते. त्यांनी हात पुढं केले... आणि मागं घेतले. खाटेवर जाऊन बसले. म्हणाले, "मांडीवर द्या."

मला जरा वाईट वाटलं, खरं सांगायचं तर जरा रागही आला. "दाजी, पाच किलो उचलता की रोज! उभ्यानं घ्या की." त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. पोरगी मांडीवर ठेवल्यावर त्यांनी डावा तळहात तिच्याखाली सरकवला, उजवा मानेखाली. उचललं नाही. नुसता हातावर भार घेतला, दोनदा, इतका हळू की पोरगी हललीही नाही. ती त्यांच्या टोपीकडं टक लावून बघत होती. मग त्यांनी, त्या आवाजात जेवढं मोठ्यानं होईल तेवढं, पुकारलं, "पाच किलोला शंभर कमी."

आशाताईंनी झोळीचा काटा अडकवला. चार किलो नऊशे. "कपडे काढून केलं न्हवं?" दाजींनी विचारलं आणि मग हसले. पोरीचं नाव ठेवलं तृप्ती. नाव वर्षानं निवडलं होतं. दाजी म्हणाले, "चांगलं हाय. आजानं खाल्लं न्हाई, नातीनं खाल्लं."

त्यानंतर दोन महिने ते होते. छातीतला कफ पुन्हा पुन्हा भरायचा. खोकायला जी ताकद लागते ती शेवटपर्यंत पुरती परत आली नाही. पुन्हा पुण्याला नेऊ म्हटलं तर डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांनीच नको ठरवलं. चहाचे चार घोट तोंडानं घेता यायला लागले होते, तेवढ्यावर खूश असायचे. आणि एका सकाळी तो चहा हातात राहिला.

तेराव्यानंतर मी अक्काकडं राहून खोली आवरली. औषधं, नळ्या, फुंकर मारायचं यंत्र, सगळं खोक्यात भरलं. पिशव्या खिळ्याला होत्या. बाजरीला पावसाळ्यात कीड लागते, तेव्हा दळून तरी टाकावी म्हणून मी मोठी पिशवी काढली आणि थबकले. मी रोज ट्रे उचलते, मलाही हाताचा थोडा अंदाज आहे. ही पाच किलो नव्हती. उलटी करून पाहिली. तळाला माझी बारीक शिवण उसवून कुणीतरी पुन्हा शिवली होती, सुतळीनं, दाभणानं घातलेले लांब तिरके टाके, गोणीचं तोंड शिवतात तसे. मी ती काट्यावर ठेवली. तीन किलो सातशे.

तीस वर्षांत ज्या माणसानं कुणाला पन्नास ग्रॅमचं खोटं माप दिलं नाही, त्यानं मला दिलं होतं. गुरुवारी मी भरायची, आणि तो मूठ मूठ काढायचा. का ते विचारायची गरज नव्हती. आपण पिशवी उचलली की माझा चेहरा कसा खुलतो ते त्यांनी पाहिलं असणार. पण पोरीला त्यांनी उभ्यानं घेतलं नाही. आपल्या हातात नेमकं किती मावतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि मी, भर खोलीत, त्यांना उभ्यानं घ्या म्हणाले होते.

मी पिशवी घेऊन अंगणात गेले. आकडा मनातच ठेवला. अक्का बाकावर बसली होती, पायाशी कोंबड्या. मी पिशवी तिच्यापुढं धरली. तिनं ती डाव्या हातात घेतली, दोनदा वर-खाली केली.

"पावणेचारला पन्नास कमी," ती म्हणाली.

"तुला कधीपासून माहीत?"

"पयल्या दिसापास्नं. कोंबड्या काय उगाच त्या बाकाखाली जमत व्हत्या व्हय? मुठी मुठीनं टाकायचे, न् मी आले की आभाळाकडं बघत बसायचे."

"मग बोलली का नाहीस? मी भरत राहिले ना गं दर गुरुवारी."

"तू भरत व्हतीस, त्ये काढत व्हते. दोघं बी खूश व्हते." तिनं पिशवी परत माझ्याकडं दिली. "दळू नगंस. ऱ्हाऊ दे तिथंच."

मी म्हणाले कीड लागेल. ती म्हणाली, मग बघ काय ते. मी तळाचे दोन टाके सोडले, आत मूठभर कडुनिंबाचा पाला घातला आणि त्यांच्याच सुतळीनं, त्यांच्यासारखेच तिरके टाके घालून पिशवी बंद केली. खिळ्याला लावताना अक्का मागं येऊन उभी राहिली.

"पाल्याचं वजन धरू नगंस," ती म्हणाली.